आगलावे बॉम्ब ओळखताना: उरलेल्या अर्ध्यावरून पूर्ण वस्तूकडे

"असा बॉम्ब कुठल्याच यादीत सापडत नाही," असं म्हणून जी वस्तू पुढे येते, ती बहुतेक वेळा अगदी नेहमीचीच निघते. फक्त तिचा अर्धा भाग गेलेला असतो. कारण साधं आहे. तोफेचा गोळा फुटला तरी त्याचं पोलाद तुकड्यांत का होईना, उरतं. दुसऱ्या महायुद्धातले छोटे आगलावे बॉम्ब मात्र स्वतःच इंधन होते. त्यांचं अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते पेटलं की मागे पांढरी भुकटी, पत्र्याची शेपटी आणि एखादं पोलादी टोपण एवढंच राहतं. शेतात, जुन्या घराच्या माळ्यावर किंवा भंगारात मिळतो तो हा उरलेला भाग, आणि यादीत चित्र असतं ते अख्ख्या बॉम्बचं. त्यामुळे "दुर्मीळ प्रकार" असा शेरा मारायच्या आधी "काय काय नाहीये?" हा प्रश्न विचारायची सवय आम्ही लावून घेतली आहे.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरलेली असते. जमिनीतून नव्याने निघालेली वस्तू ही संग्राहकाची वस्तू नसते. ती उचलायची नाही, हलवायची नाही, माती झाडायची नाही. लांबून फोटो काढायचा, जागेची खूण ठेवायची, लोकांना दूर ठेवायचं आणि पोलिसांना कळवायचं. ऐंशी वर्षं पुरलेला बॉम्ब "आता मेला असेल" हा समज चुकीचा आहे. आतलं मिश्रण कोरडं राहिलं तर तसंच राहतं आणि फ्यूजमधली, म्हणजे बॉम्ब पेटवणाऱ्या यंत्रणेतली, ठोका बसताच पेटणारी टोपी वयानुसार शहाणी होत नाही, उलट बिघडून जास्त नाजूक होऊ शकते. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं संग्रहात, लिलावात किंवा वस्तुसंग्रहालयात असलेल्या, जाणकारांनी रिकाम्या केलेल्या वस्तूंबद्दल आहे. रिकामी केल्याची खात्री कागदावर नसेल तर ओळख फोटोवरूनच करायची. अंगाला एक भोक पाडलेलं दिसलं म्हणून वस्तू निष्क्रिय झाली, असंही नाही. भोकातून भरण बाहेर काढलेलं असू शकतं आणि फ्यूजमधली टोपी जागच्या जागी असू शकते.

हे झालं की कामाला लागायचं. क्रम नेहमी तोच: फोटो, मापं, लोहचुंबक, ठसे आणि सगळ्यात शेवटी वजन. वजन शेवटी का, ते पुढे येईलच.

फोटो सहा बाजूंनी हवेत आणि प्रत्येकात मोजपट्टी हवी. नाण्याशेजारी ठेवून काढलेले फोटो परदेशातल्या जाणकाराला निरुपयोगी, त्याला आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास माहीत नसतो. ठशांचे फोटो समोरून फ्लॅश मारून काढू नयेत. खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ आडवा धरला की झिजलेलं अक्षर सावलीतून उठून दिसतं. टॉर्च चारही दिशांनी फिरवून चार फोटो काढायचे, कारण एका दिशेने तीन दिसणारा आकडा दुसऱ्या दिशेने आठ निघतो. ठशात खडू भरून वाचायची जुनी युक्ती लोखंडावर चालते. गंजलेल्या मॅग्नेशियमवर मात्र खडू आणि धातूवरची पांढरी खरड यांत फरकच कळत नाही.

मापांत सगळ्यात जास्त गोंधळ षटकोनामुळे होतो. ब्रिटिशांचा चार पौंडी बॉम्ब षटकोनी दांड्यासारखा होता, म्हणजे पेटीत एकमेकांना चिकटून, मधे पोकळी न सोडता बसावा असा. जर्मनांचा एक किलोचा बॉम्ब गोल, व्यास सुमारे ५० मिलिमीटर. आता ब्रिटिश बॉम्बचं माप समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये घेतलं तर सुमारे ४२ मिलिमीटर भरतं. तेच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घेतलं तर ४९. म्हणजे व्हर्निअर कॅलिपर चुकून कोपऱ्यांवर टेकवला आणि फोन करून नुसता आकडा सांगितला, की ऐकणारा म्हणतो, "पन्नास? मग जर्मन असेल." षटकोनाचं माप कायम सपाट बाजूंमध्येच घ्यायचं आणि कागदावर तसं लिहायचं. कोपऱ्यांतलं अंतर हे सपाट बाजूंमधल्या अंतराच्या साधारण १.१५ पट असतं, त्यामुळे कुणी चुकीचं माप पाठवलं असेल तर भागाकार करून पाहता येतो.

जर्मन बॉम्बचं नाव बी-१-ई. बी म्हणजे 'ब्रांड', आग. ई म्हणजे 'एलेक्ट्रॉन', त्या मिश्रधातूचं व्यापारी नाव. एकूण लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. मागे पत्र्याची तीन पंखांची शेपटी, मूळ रंग गडद हिरवा. अंग चंदेरी राखाडी. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गर्निकावर हेच बॉम्ब पडले होते आणि सप्टेंबर १९४० पासून लंडनवर ते पेट्यांच्या पेट्या भरून टाकले गेले. आज संग्रहात सर्वांत जास्त काय दिसतं? त्यांची नुसती शेपटी. बॉम्ब पेटला, अंग जळून गेलं, शेपटी वर राहिली आणि कुणीतरी आठवण म्हणून घरी नेली. तीन पंखांचा, मधोमध वाटीसारखा भाग असलेला गंजका पत्रा पाहून लोक त्याला मॉर्टरच्या (उखळी तोफेच्या) गोळ्याची शेपटी समजतात. मॉर्टरच्या शेपटीला पंख जास्त असतात आणि मधल्या नळीला भोकं असतात. इथे पंख तीनच आणि पत्रा पातळ.

बी-१-ईचे भाऊबंद ओळखणं महत्त्वाचं आहे, नुसत्या हौसेसाठी नव्हे. पुढे नावात झेड आला की त्यात स्फोटकाचा छोटा भाग जोडलेला असे. बादलीभर वाळू घेऊन आग विझवायला धावलेल्या माणसाला गाठायचा तो डाव होता. बी-२-ई-झेड हा त्यांतला मोठा: पुढे पोलादी नाक वाढवलेलं, त्यामुळे वजन दोन किलोच्या वर आणि लांबी अर्ध्या मीटरच्या पुढे. इंग्रजांनी नाकात स्फोटक असलेल्या आणि नाक वेगळं होऊन पडणाऱ्या अशा दोन्ही प्रकारांना वेगळी नावं दिली होती. संग्राहकाच्या दृष्टीने धोका असा की, बॉम्ब जळून गेला तरी वेगळं झालेलं नाक न फुटता उरू शकतं. पोलादी डबीसारखा, दोन्हीकडून बंद तुकडा हाती आला, त्याची नोंद नसेल, तर तो "काहीतरी यंत्राचा भाग" म्हणून कपाटात ठेवायचा नसतो. तिथे आमची ओळख थांबते आणि बॉम्बशोधक पथकाची सुरू होते.

ठसे वाचताना आकड्यांचा एक सापळा आहे. बी-१-ईच्या अंगावर 'आरएचएस ३६' असा ठसा आढळतो. इथे ३६ म्हणजे १९३६ साल. पण हेच बॉम्ब ज्या पेटीतून टाकले जात तिचं नाव बीएसके ३६, आणि तिथे ३६ म्हणजे पेटीतल्या बॉम्बची संख्या! तसंच बीएसबी ७०० मध्ये सातशे. पेटीचा एखादा झाकणाचा पत्रा मिळाला आणि त्यावर ३६ वाचलं की लोक त्याला १९३६ सालचं करून टाकतात. फ्यूजवरचा ८३१२ हा ना साल ना अनुक्रमांक. एझेड ८३१२ हे फ्यूजच्या नमुन्याचंच नाव, एझेड म्हणजे आदळल्यावर चालणारा. हा एक आकडा नीट वाचता आला तर शेपटी हरवलेली असली तरी ओळख पक्की होते.

ब्रिटिश चार पौंडी बॉम्बकडे परत येऊ, कारण युरोपात सापडणाऱ्यांत हाच सर्वाधिक आहे. ब्रिटिश बॉम्बफेकी दलाने युद्धात असे सुमारे ८ कोटी नग टाकले. लांबी सुमारे ५४ सेंटीमीटर. पुढे पोलादी षटकोनी नाक, मध्ये मॅग्नेशियमचं अंग, मागे पोकळ पत्र्याची षटकोनी शेपटी. ही शेपटी म्हणजे नुसता डबा, आत काही नाही. ती हलकी असल्यामुळे बॉम्ब नाकावर पडतो. अंगाच्या एका सपाट बाजूला एक गोल भोक असतं. त्यात स्प्रिंगवर दाबलेली छोटी खुंटी असायची. पेटीत शेजारचा बॉम्ब तिला आत दाबून ठेवी. पेटीतून सुटले की खुंटी बाहेर येई आणि बॉम्ब जिवंत होई. ओळखीसाठी ही खूण उत्तम. कुणी त्याला नळीचा कापलेला तुकडा म्हणो की गॅसच्या नळाचा जुना भाग, षटकोनाच्या एका बाजूवर ते भोक आणि आत स्प्रिंगची जागा दिसली की शंका उरत नाही. आणि हीच खूण धोक्याचीही आहे: भरलेल्या बॉम्बची खुंटी बाहेर असेल तर तो हातात घ्यायचाच नाही.

जळालेल्या चार पौंडीचं काय उरतं? षटकोनी पोलादी नाक. मुठीत मावेल एवढा, एका टोकाला आटे किंवा वितळलेल्या धातूची खडबडीत कड असलेला जड ठोकळा. जर्मनीत नांगरताना असे ठोकळे निघतात आणि कागद दाबायला टेबलावर ठेवले जातात. "मोठा नट" किंवा "रेल्वेचा भाग" म्हणून विकलेले आम्ही पाहतो. कडेला राखाडी-पांढरी चिकटलेली साय आणि सपाट बाजूंतलं ४२ मिलिमीटरचं अंतर एवढ्यावर काम होतं. काही नगांत स्फोटक भाग असे आणि त्यांच्या नावात एक्स अक्षर येई. म्हणून अख्ख्या किंवा अर्धवट जळालेल्या नगाबद्दल "साधाच असेल" असं गृहीत धरायचं नाही.

अमेरिकनांनी हाच बॉम्ब जवळपास तसाच उचलला आणि त्याला एएन-एम-५० म्हटलं. एएन म्हणजे भूदल आणि नौदल दोघांसाठी मंजूर, एम म्हणजे नमुना, पुढे ए-१, ए-२ म्हणजे त्यात केलेले बदल. आकार आणि माप इतकं सारखं की रंग आणि ठसे गेले असतील तर ब्रिटिश कुठला आणि अमेरिकन कुठला हे सांगणं अवघड होतं, आणि अशा वेळी "चार पौंडी षटकोनी, मूळ देश अनिश्चित" असं लिहिणं हेच खरं उत्तर असतं. रंग शिल्लक असेल तर मदत होते: युद्धकाळात अमेरिकन रासायनिक दलाच्या दारूगोळ्याचं अंग राखाडी आणि आगलाव्याचा पट्टा जांभळा. पण रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. डबा आणि ब्रश कुणालाही मिळतो. आट्यांच्या खोबणीत किंवा रिव्हेटच्या डोक्याखाली जुना रंग दिसत नसेल, वरून मात्र सगळं चकचकीत असेल, तर तो रंग नंतरचा.

इथेच लोहचुंबक कामाला येतो. आणखी एक अमेरिकन षटकोनी आहे, एएन-एम-६९, आणि लांबीच्या बाबतीत तो चार पौंडीच्या अगदी जवळ, सुमारे ४९.५ सेंटीमीटर. फोटोत मोजपट्टी नसेल तर दोघांत हटकून घोटाळा होतो. पण हा जाड आहे: सपाट बाजूंमध्ये सात सेंटीमीटरच्या थोडा वर. आणि अंग पोलादी पत्र्याचं, चुंबक चटकन चिकटतो. मॅग्नेशियमच्या अंगाला तो चिकटत नाही. म्हणजे लांबीवर वेळ घालवायचाच नाही. सपाट बाजूंमधलं अंतर आणि चुंबक, या दोन गोष्टींत पाच मिनिटांत निकाल लागतो.

एम-६९ ची रचना ठाऊक असली की त्याचे अवशेष लगेच ओळखू येतात. यात धातू जळत नसे. आत कापडी पिशवीत घट्ट केलेलं पेट्रोल, म्हणजे नेपाम. असे ३८ नग एका जुडीत बांधलेले. जुडी हवेत सुटली की प्रत्येकाच्या मागून सुमारे मीटरभर लांबीची कापडी पट्टी उलगडे आणि तीच शेपटी. पडल्यावर काही सेकंदांनी आतली पिशवी मागच्या टोकातून पेटून बाहेर फेकली जाई. म्हणून वापरलेला एम-६९ म्हणजे एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी अशी रिकामी षटकोनी पोलादी नळी. ९-१० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर मुख्यतः हेच पडले. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. टोकियोच्या कोतो भागातल्या हवाई हल्ल्यांच्या संग्रहालयात या नळ्या पाहायला मिळतात. संग्रहात त्या वस्तूला हात लावताना हे विसरता येत नाही, आणि विसरू नये. नळीला आतून तेलकट काळपट थर असतो. तो खरवडून "स्वच्छ" करणारे महाभाग भेटतात; ओळखीचा अर्धा पुरावा ते नाल्यात सोडतात.

जुन्या वर्णनांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. कापडी पट्टी गेलेली असल्यामुळे एम-६९ ला "शेपटीविना प्रयोगातला नमुना" म्हटलं जातं. पट्टी कापडाची होती, ऐंशी वर्षं टिकणार कशी? नसलेला भाग म्हणजे वेगळा प्रकार नव्हे.

आता वजन. बी-१-ई आणि चार पौंडी या दोन्हींत आतलं थर्माइटचं (अतिशय तापून जळणाऱ्या मिश्रणाचं) भरण फक्त सुमारे २०० ग्रॅम. बाकी सगळं वजन धातूचं. म्हणजे रिकाम्या आणि भरलेल्या नगात फरक इतका थोडा की गंज, माती किंवा गेलेला पत्रा तो सहज झाकून टाकतो. "हलका लागतोय, म्हणजे रिकामा" हे वाक्य आम्ही संभाषणात ऐकलं की तिथेच थांबवतो. वजनावरून आत काय आहे ते ठरवायचं नसतं. वजन उपयोगी पडतं ते नकली नग पकडायला. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची घनता सुमारे १.८, ॲल्युमिनियमची २.७. लेथवर ॲल्युमिनियमचा गज तासून बी-१-ई बनवणारे आहेत, आणि निष्क्रिय म्हणून विकलेला, आरपार पोकळ नग मापावरून काढलेल्या अंदाजापेक्षा दीडपट जड भरला की उत्तर मिळतं. चुंबक या दोन धातूंत फरक करू शकत नाही, दोघांनाही चिकटत नाही.

नकलीबद्दल आणखी थोडं. पूर्ण बनावट नगांपेक्षा जोडकाम जास्त त्रास देतं: मूळ शेपटी, नवं अंग. शेपटी खरी असल्यामुळे माणूस भुलतो. जोडावर लक्ष द्यावं. मॅग्नेशियम आणि पोलाद एकमेकांना टेकून दमटात राहिले की मॅग्नेशियम आधी खाल्लं जातं. खऱ्या, जमिनीत किंवा ओल्या तळघरात राहिलेल्या नगात शेपटीजवळची मॅग्नेशियमची कड सगळ्यात जास्त पोखरलेली, पांढरी भुकटी सुटलेली असते आणि तिथून दूर जाल तसं अंग बरं दिसतं. शेपटी गंजून जाळी झालेली आणि तिला लागून असलेलं अंग मात्र गुळगुळीत, असं असेल तर ते दोघे एकत्र म्हातारे झालेले नाहीत. ठशांतही तसंच. मूळ ठसा हातोड्याने किंवा दाबाने मारलेला असतो, त्याच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो. लेझरने कोरलेल्या अक्षराची कड सपाट राहते आणि तळ एकसारखा दिसतो. दहापट भिंगाखाली हे पाच सेकंदांत कळतं. लिलावाच्या यादीतल्या फोटोत कळत नाही, म्हणून विक्रेत्याकडे ठशाचा तिरप्या उजेडातला फोटो मागायचा. तो टाळाटाळ करू लागला तर तेही एक उत्तरच.

फॉस्फरसचा विषय वेगळा, आणि इथे कुतूहल बाजूला ठेवावं. ब्रिटिशांचा तीस पौंडी आगलावा बॉम्ब लाल रंगाचा, जाड नळकांड्यासारखा. त्यात फॉस्फरसही भरलेला असे. ऑगस्ट १९४३ मध्ये पेनेम्युंडच्या जर्मन रॉकेट केंद्रावर ब्रिटिशांचा हल्ला झाला ते ठिकाण बाल्टिक समुद्रातल्या उझेडोम बेटावर आहे. तिथल्या किनाऱ्यावर आजही लाटांबरोबर पिवळसर खडे येतात आणि लोक त्यांना अंबर समजून खिशात टाकतात. ओला असेपर्यंत पांढरा फॉस्फरस गप्प असतो. वाळला आणि अंगाच्या उबेने तापला की आपोआप पेटतो, आणि कपड्यासकट कातडीला चिकटून जळतो. तिथे वेचलेला खडा खिशात न ठेवता धातूच्या डब्यात ठेवा, असं सांगितलं जातं ते याच कारणाने. संग्रहासाठी याचा अर्थ असा: तीस पौंडी बॉम्बचा फुटलेला पत्रा, विशेषतः आतल्या सांध्यात मेणासारखा पिवळा-तपकिरी थर असलेला, घरात आणायचा नाही. पत्रा रिकामा दिसतो, पण सांधा रिकामा नसतो.

खरोखर वेगळे प्रकार आहेतच, पण ते वेगळे का आहेत हे समजून घेतलं की ओळख सोपी होते. पहिल्या महायुद्धात १९१५ साली झेपेलिनमधून (जर्मन हवाई जहाजांमधून) लंडनवर टाकलेले आगलावे बॉम्ब दोरखंडाने गुंडाळलेले होते, डांबर लावलेला जाड दोर, आत धातूचा गाभा. जळून उरलेला सांगाडा जुन्या शेगडीचा किंवा कंदिलाचा भाग वाटतो. त्याच युद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी वापरलेला 'बेबी' बॉम्ब उलट टोकाचा: वजन जेमतेम साडेसहा औंस, म्हणजे पावशेरापेक्षाही कमी, आणि शेकड्यांनी एका पेटीतून सोडायचा. तो पाहून कुणी जाड काडतूस म्हणतं. १९४० मध्ये ब्रिटिशांनी जर्मन जंगलांवर आणि पिकांवर सेल्युलॉइडचे छोटे तुकडे टाकले, मध्ये ओलसर फॉस्फरस. वाळले की पेटायचे. त्याला बॉम्ब म्हणावं असा आकारच नाही, म्हणून तो हाती आला तरी ओळखला जाण्याची शक्यता कमी, आणि मूळ अवस्थेतला सापडला तर जवळ ठेवण्याजोगा अजिबात नाही.

ओळख कशी असावी याचा सगळ्यात सुंदर नमुना जपानी फुग्यांच्या बाबतीत घडला. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात जपानने सुमारे ९,३०० कागदी फुगे वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. त्यांना आगलावे बॉम्ब आणि एक स्फोटक बॉम्ब टांगलेला. फुगे कुठून येतात हे बॉम्बवरून कळेना. तेव्हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञांनी फुग्यांच्या वजनाच्या पिशव्यांतली वाळू तपासली. त्यातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष, खनिजं आणि प्रवाळाचा अभाव यांवरून त्यांनी जपानच्या होन्शू बेटाचा पूर्व किनारा गाठला. बॉम्ब बाजूला आणि वाळूच बोलली! म्हणूनच आम्ही म्हणतो, वस्तूला चिकटलेली माती, दोरा, कापड, कागदाची चिठ्ठी फेकू नका. ५ मे १९४५ रोजी ऑरेगन राज्यातल्या ब्लाय गावाजवळ असाच एक पडलेला फुगा हाताळताना एक गरोदर बाई आणि पाच मुलं मेली. २०१४ मध्ये कॅनडात लंबी गावाजवळच्या जंगलात अशाच फुग्याचा एक बॉम्ब निघाला, तोही तिथल्या तिथे उडवावा लागला. सत्तर वर्षांनी.

आपल्याकडे घरात जपलेला "बॉम्बचा तुकडा" असेल तर थोडं वेगळं तपासावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर हवाई बॉम्ब पडले नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज दारूगोळ्यासकट फुटलं आणि जळता कापूस, लोखंड, सोन्याच्या विटा शहरभर उडाल्या. त्या दिवसाची आठवण म्हणून ठेवलेला तुकडा बहुधा जहाजाचा पत्रा असतो: जाड, वाकलेला, रिव्हेटची भोकं असलेला. कलकत्ता, इंफाळ, कोहिमा इथली गोष्ट निराळी. तिथे खरे बॉम्ब पडले आणि ते अजून निघतात.

बाहेरून काही मागवायचा विचार असेल तर आधी कायदा पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत बॉम्ब येतात आणि त्यांचे भागही. म्हणजे ब्रिटनमध्ये लिलावात सहज मिळणारी गंजकी शेपटी इथे पार्सलने आली की विमानतळावर अडकू शकते, आणि तिथे "हे रिकामं आहे" हे समजावणं सोपं नसतं. परवाना अधिकाऱ्याकडे आधी लेखी विचारणा करावी, उत्तर हाती येईपर्यंत पैसे भरू नयेत. परदेशात राहणाऱ्यांनी परत येताना सामानात तर अजिबात टाकू नये. क्ष-किरण यंत्रावर बसलेल्या माणसाला निष्क्रिय आणि सक्रिय यांतला फरक दिसत नाही, नुसता आकार दिसतो.

ठेवणीत मॅग्नेशियमला दोन शत्रू: ओल आणि हौशी सफाई. व्हिनेगर, लिंबू, गंज काढायचं कुठलंही आम्लाचं द्रावण लावायचं नाही, धातू फसफसतो आणि ठसा विरतो. तारेचा ब्रश, सँडर, ड्रिल यांतलं काहीही नको, कारण मॅग्नेशियमचा बारीक कीस सहज पेट घेतो आणि पेटलेल्यावर पाणी ओतलं तर भडकतो. मऊ, कोरडा ब्रश पुरे. मग वस्तुसंग्रहालयात वापरतात तसलं सूक्ष्म स्फटिकी मेण अगदी पातळ चोळायचं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या लागतातच. पत्र्याची शेपटी वेगळी करता येत असेल तर तिच्या आणि अंगाच्या मध्ये पॉलिथीनचा तुकडा घालावा, म्हणजे दोन धातूंचं भांडण थांबतं.

आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड. त्यावर सपाट बाजूंमधलं अंतर, लांबी, चुंबक चिकटतो की नाही आणि कुठे, ठसा जसा दिसला तसा (अंदाजाने पुरा न करता, न वाचलेल्या अक्षराच्या जागी टिंब), कुठून आणि कुणाकडून आली, निष्क्रिय केल्याचा कागद कुठल्या फाइलमध्ये आहे. शेवटचा रकाना "काय नाही": शेपटी नाही, खुंटी नाही, पट्टी नाही. पुढच्या माणसाला या कार्डावरचा सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा रकाना तोच असतो.